चाळणीवर राहिलेलं

१४ मे १९८९, रविवार

निवृत्तीला दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी घरातल्या तीन नळांचे वायसर बदलले, सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली आणि सुनीतीच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. 'हरभराडाळ' ही चिठ्ठी तिने त्याच दिवशी काढून टाकली. "मला डोळे आहेत," म्हणाली.

आज मात्र मला कुणीतरी बोलावून घेतलं. आमच्या कोथरूडच्या सोसायट्यांमागे जी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर तीनशे झाडं लावायची परवानगी वनखात्याने आमच्या मंडळाला दिली आहे. मंडळाचे अध्यक्ष श्रीधर आगाशे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, पण आवाज अजून सगळ्या काउंटरांना पुरेल एवढा आहे. ते सभेत म्हणाले, "मातीचं खातं खांबेटेंकडे. चौतीस वर्षं माती तपासली आहे त्यांनी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उगाचच चष्मा पुसला.

चौतीस वर्षं मी माती परीक्षण प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. तपासायचो मी, अहवालावर सही साहेबांची. या वेळी सही माझी असेल. हे लिहायला नको होतं, पण वही माझीच आहे.

१६ मे

पहाटे टेकडीवर जाऊन नमुने घेतले. माथा म्हणजे एक लांबट कणा आहे, पूर्वेकडे त्याची एक सोंड उतरते. झाडं विरळ, बुटकी. वर बोटभर पालापाचोळ्याचा काळपट थर, त्याखाली तांबूस तपकिरी माती, हातभर खाली मुरूम आणि मग कातळ. माती ओली करून अंगठा आणि तर्जनीत दाबली तर चांगली लांब पट्टी निघते, म्हणजे चिकण अंश भरपूर. पण खडे किती! सुपारीएवढे, लिंबाएवढे, पहारीचा प्रत्येक घाव वाजतो.

मी उकिडवा बसून खड्डा करत होतो तेव्हा मागून आवाज आला, "काय सांडलंय व्हय सायेब?"

एक साठीची बाई. हातात काठी, बरोबर सात शेळ्या. गावठाणात राहते, नाव मथुराबाई. दिरांनी जमीन विकली तेव्हापासून या शेळ्याच तिचं सगळं काही. मी काय करतो आहे ते तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मी बाजूला टाकलेला एक दगड पायाने परत खड्ड्याच्या कडेला सरकवला.

"दगडं नगा काढू. दगडाखाली वल ऱ्हाती. दगूड काढला की ही माती इटंवानी व्हती."

मी म्हटलं, "अहो मथुराबाई, दगडात झाड उगवतं का?"

"दगडातच उगावलंय की," ती म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली. या लोकांना अनुभव असतो, शास्त्र नसतं.

१९ मे

निरोप समारंभात सहकाऱ्यांनी मला चांदीचा पेला दिला. मी मागून घेतली ती प्रयोगशाळेतली जुनी पितळी चाळणी, दोन मिलिमीटर भोकांची. आज ती कामी आली. नमुना वाळवला, खलबत्त्यात हलक्या हाताने फोडला आणि चाळला. नियम साधा आहे: चाळणीतून खाली पडते ती माती. वर राहतं ते फेकायचं. कामावर आलेल्या प्रत्येक नवीन मुलाला पहिल्या दिवशी मी हेच वाक्य शिकवलं.

सुनीती चहा घेऊन आली आणि उभी राहून बघत होती. मी चाळणीवरचे खडे गॅलरीतून खाली बागेत टाकले.

"अर्ध्याहून जास्त तर फेकलंत," ती म्हणाली.

"ती माती नसते."

"बरं. मग तुम्ही टेकडी तपासताय की टेकडीचं पीठ?"

हिला समजावण्यात अर्थ नसतो. बरणीत पाणी घालून घोळवलं, निवत ठेवलं. संध्याकाळी मोजलं तर जवळजवळ निम्मा भाग चिकणमाती. एवढी चिकण माती असून झाडं बुटकी का, याचं उत्तर उघड आहे: खडे मुळांना वाढू देत नाहीत आणि सकस अंश कमी पडतो.

अहवाल लिहिला. खड्ड्यातली माती चाळून खडे काढून टाकावेत आणि निम्मी काळी माती मिसळून खड्डे भरावेत. खाली सही केली. य. वि. खांबेटे. सही जरा मोठीच आली.

४ जून, रविवार

काळी माती आली. आगाशांच्या मेव्हण्याच्या ओळखीने हडपसरला एका कारखान्याच्या पायाची माती मिळाली. काय माती ती! लोण्यासारखी. दोन ट्रक टेकडीच्या पायथ्याशी ओतले. तिथून घमेल्यांनी वर.

दर रविवारी पन्नास माणसं राबतात. वाळूची मोठी चाळण उभी केली आहे, तिच्यावर खड्ड्यातली माती मारायची. खडे बाजूला रचून त्यांना चुना लावला. आगाशे म्हणाले, "वा, आता कसं मंडळाचं काम वाटतंय."

१८ जून, रविवार

फक्त पूर्वेच्या सोंडेवरचे बावीस खड्डे राहिले होते आणि तिथेच घोटाळा झाला. ते काम टेलिफोन खात्यातल्या श्यामलाकडे आणि तिच्या मैत्रिणींकडे होतं. वाळूची चाळण फाटली, काळी माती संपत आली होती, म्हणून या मुलींनी खड्ड्यातून निघालेलं सगळं खड्यांसकट परत खड्ड्यात ढकललं. वर मथुराबाई तिथे उभी राहून त्यांना सांगत होती की मोठे दगड शेवटी वरून ठेवा म्हणून. त्यांनी ठेवले! रोपाभोवती दगडांचं कडं. मी श्यामलाला म्हटलं, हा गबाळेपणा आहे. ती म्हणाली, "काका, पुन्हा उकरू का?" पण दुपार झाली होती. मी वहीत नोंद केली: क्रमांक २७९ ते ३००, काम असमाधानकारक.

२ जुलै, रविवार

तीनशे रोपं लागली. करंज, शिरीष, कडुनिंब, बहावा, आपटा. प्रत्येकाला पत्र्याचा नंबर. नारळ फोडला. आगाशांनी भाषणात माझं नाव दोनदा घेतलं. उतरताना गुडघे दुखत होते, पण बरं वाटत होतं. सुनीतीने विचारलं, "मथुराबाईंना बोलावलं होतं का?" मंडळात नाहीत त्या, म्हटलं.

२४ जुलै

चार दिवस धो धो पाऊस. आज उघडीप मिळाली तसा वर गेलो. खड्डे तुडुंब भरलेले. प्रत्येक रोप छोट्या तळ्यात उभं. बोट बुडवून पाहिलं, पाणी हलत नाही, मुरत नाही. इतकं पाणी धरणारी माती या टेकडीने आजवर पाहिली नसेल. मन भरून आलं.

सोंडेवरच्या बावीस खड्ड्यांत मात्र पाण्याचा टिपूस नाही. सगळं वाहून गेलं. तिथली रोपं जगणं कठीण. श्यामलाला वाईट वाटेल, तेव्हा आत्ताच काही बोलणार नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

रोपं पिवळी पडत आहेत. आधी खालची पानं, मग वरची. साठेक तरी. पानं देठासकट खाली गळून पडलेली दिसली.

आगाशांनी लेंड्या दाखवल्या. "हे बघा खांबेटे. पुरावा."

लेंड्या होत्या खऱ्या. पण शेळीने खाल्लेलं पान खाली कसं पडून राहील, असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, हुंगून, ओढून टाकत असतील. शेळ्यांच्या सवयी मला काय ठाऊक.

२० ऑगस्ट, रविवार

मंडळाची बैठक. वनखात्याला पत्र द्यायचं ठरलं की शेळ्यांमुळे रोपं मरत आहेत, तरी माथ्यावरची चराई बंद करावी. आगाशे म्हणाले, तज्ज्ञ म्हणून तुमची सही हवी.

बैठक आमच्या सोसायटीच्या ओट्यावर होती. कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण मथुराबाई तिथे आली. पदर डोक्यावर घेऊन कडेला उभी राहिली. आगाशांनी तिला, "बोला," म्हटलं.

"माझ्या शेळ्या वाटंवाटंनं जात्यात. म्या राखते. अन् तुमचं करंज बी मरायलंय. करंजाला शेळी तोंड लावती व्हय? इचारा कुणालाबी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमी मातीतलं जाणता. येकदा मुळी उपटून बघा की."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगायचं तर तिचं करंजाचं बोलणं मला लागलं. करंज कडू असतो हे मलाही माहीत आहे. पण मुळं उपटून बघायची म्हणजे माझ्या अहवालावर शंका घ्यायची, तीही पन्नास माणसांसमोर. मी म्हणालो, "माती तपासलेली आहे, मथुराबाई. मातीचा दोष नाही."

आणि सही केली.

२७ ऑगस्ट, रविवार

वनखात्याचा रखवालदार जयसिंग आता माथ्याच्या वाटेवर बसतो. भला माणूस आहे, कडक नाही, पण कागद आला की कागदाप्रमाणे वागतो. त्याने मथुराबाईला परत पाठवलं असं आगाशांनी सांगितलं. "वळली आणि गेली," म्हणाले. सुटलो, असं मला वाटायला हवं होतं.

सुनीती चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. संध्याकाळी फिरायला जायचं तिने सुरू केलं आहे, गावठाणाच्या बाजूला. एवढा चांगला रस्ता समोर असताना तिकडच्या चिखलात कशाला, म्हटलं. "मला तोच रस्ता आवडतो," म्हणाली.

३० ऑगस्ट

चहाला वेगळाच वास येतो. दूध बदललं का, विचारलं. "हो, बदललं," म्हणाली. पुढे काही नाही. मीही सवय करून घेतो आहे.

१२ सप्टेंबर

गणपतीची गडबड, त्यामुळे वर जाणं झालं नाही. आज चहा पुन्हा पूर्वीसारखा. सुनीतीला बरं वाटावं म्हणून मुद्दाम म्हटलं, "आज चहा झकास झालाय." ती कप तसाच ठेवून आत गेली. हिचं काय चाललं आहे मला कळत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

आज जे पाहिलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

तीन आठवडे टेकडीवर शेळी नाही. तरी रोपं मरतच आहेत. मोजली, एकशे नव्वद गेली. पाऊस थांबून आठ दिवस झाले आहेत आणि आता खड्डे तडकले आहेत, बोट जाईल एवढ्या भेगा. पावसात तळं आणि उन्हात वीट.

मग सोंडेकडे गेलो. आधी बरोबर जागी आलो का याचीच शंका आली. बावीसच्या बावीस रोपं उभी. शिरीष माझ्या कमरेला लागलं. एका रोपाभोवतीचा दगड उचलला, तर खाली माती गार, दमट आणि भुसभुशीत. तिच्यात गांडूळ होतं. दगड होता तसा परत ठेवला.

परत माथ्यावर आलो आणि ११२ नंबरचं करंज उपटलं. उपटलं म्हणजे काय, नुसतं उचललं गेलं. मुळं काळी, बोटांत साल निघून आली आणि कुजका वास. खड्ड्याची बाजू खरवडून पाहिली. बाहेर टेकडीची खडेवाली माती, आत आमचं चाळलेलं पीठ आणि हडपसरचं लोणी. टेकडीच्या मातीत पाणी खड्यांच्या बाजूने खाली उतरतं. आमच्या खड्ड्यात शिरलं ते उतरेना, नुसतं साचून राहिलं. तीनशे झाडांसाठी आम्ही कातळात पावणेतीनशे कुंड्या केल्या, खाली भोक नसलेल्या.

बराच वेळ तिथेच बसून राहिलो. लोक फिरायला येत होते, नमस्कार करत होते. मी हात जोडत होतो.

१८ सप्टेंबर

नवा नमुना आणला. वाळवला, चाळला. आणि चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं: चाळणीवर राहिलेलं फेकलं नाही, वजन केलं. दहा भागांतले सहा भाग. चिकणमाती निम्मी, असं मी लिहिलं होतं ते उरलेल्या चार भागांतलं निम्मं. त्या टेकडीचा मोठा हिस्सा मी गॅलरीतून बागेत टाकला होता आणि उरलेल्याचा अहवाल लिहिला होता.

खडे पाण्यात भिजवून, पुसून पुन्हा तोलले. वजन वाढलं. वरून दगड दिसतात, पण आतून झिजलेले, सच्छिद्र आहेत, तेही थोडं पाणी धरतात. चिकणमाती त्यांना लगडून बसते, त्यांच्यामधून हवा जाते, जास्तीचं पाणी निघून जातं. खडे आणि चिकणमाती मिळूनच ती माती आहे. मथुराबाईने मला हे मे महिन्यात पायाने दाखवलं होतं.

शेतात, सपाट रानात माझा नियम चालत असेल. इथे नाही. पण आज राहून राहून वाटतं आहे की डोंगराकडून आलेल्या किती शेतकऱ्यांच्या पिशव्या मी अशा चाळल्या असतील. त्यांना काय सल्ला गेला असेल. कुणी विचारायला परत आलं नाही.

सुनीतीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता बोलेल ते पिठाचं वाक्य. बोलली नाही. "जेवून घ्या," म्हणाली. मला रडू आलं, ताटावरच.

२४ सप्टेंबर, रविवार

बैठकीत उभं राहून सांगितलं. कुजलेलं रोप कागदात गुंडाळून नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. म्हटलं, रोपं शेळ्यांनी मारली नाहीत, माझ्या अहवालाने मारली. चराईबंदीचं पत्र मागे घेऊ या.

आगाशे खुर्ची ओढून जवळ आले, आवाज कधी नव्हे तो खाली.

"खांबेटे, चूक कुणाकडून होत नाही? पुढच्या वर्षी पुन्हा लावू. पण खात्याला उलटं पत्र दिलं तर मंडळाची शोभा होईल. आणि शेळ्या गेल्यात त्या बऱ्याच की. कधी ना कधी खाल्लंच असतं त्यांनी."

"पण खाल्लं नाही."

"अहो, शेळी आहे ती."

"आगाशे, तुमच्या बँकेत कुणी कधी ना कधी चोरी करेल म्हणून त्याला आधीच आत टाकायचा का?"

ते चिडले. मीही चिडलो होतो. शेवटी हात वर करून मतं घेतली. पत्र मागे घ्यावं म्हणणारे तीनच निघाले: मी, श्यामला आणि खालच्या मजल्यावरचे एक जण, जे मागाहून म्हणाले की त्यांना पंखा लावू का असं विचारलं वाटलं होतं.

२६ सप्टेंबर

मंडळाचं नाही तर नाही. पत्र मी माझ्या नावाने लिहिलं. 'दि. २० ऑगस्टच्या पत्रावर तज्ज्ञ म्हणून मी सही केली होती. माझे निदान चुकले. रोपे मरण्यास शेळ्या नव्हे, मी सुचवलेली खड्डे भरण्याची पद्धत कारणीभूत आहे. मथुराबाई यांच्यावर अन्याय झाला आहे.' खाली सही. या वेळी लहान आली.

कचेरीत पत्र दिलं, शिक्क्याची प्रत घेतली आणि जयसिंगला वाटेवर दाखवली. त्याने दोनदा वाचली. "मी तर तुमच्याच कागदावर बसलो होतो साहेब," म्हणाला. "वाटेनं शेळ्या नेल्या तर माझं काही म्हणणं नव्हतं कधी. वरनं निरोप आला की येऊ द्या म्हणतो त्यांना."

१ ऑक्टोबर, रविवार

निरोप काल आला. मथुराबाईला सांगायला मी एकटाच निघणार होतो. सुनीती चपला घालून दारात उभी. गावठाणात शिरल्यावर मी पत्ता विचारायला थांबलो, तर ती सरळ पुढे निघाली. दोन बोळ, एक वळण, हापसा, मग घर. दारातलं कुत्रं तिच्यावर भुंकलं नाही, माझ्यावर भुंकलं. इतके दिवस ही कुठे फिरायला जात होती ते मला त्या कुत्र्याने सांगितलं.

गोठ्यात एकच शेळी, पोट खाली आलेली. बाकीचे खुंटे मोकळे.

"चारा न्हाय तर ठिवू कशी?" मथुराबाई म्हणाली. "पंदरा दिस वहिनी दूध न्यायच्या. म्हनायच्या, आमच्या सायबांस्नी शेळीचं मानवतंय. पर दूध आटलं. म्हाळाच्या आधी सा इकल्या. ही गाभन व्हती, तिला न्हाय इकली."

मी सुनीतीकडे पाहिलं. ती खुंट्यांकडे बघत होती.

मी पत्र वाचून दाखवलं. 'अन्याय झाला आहे' इथपर्यंत आलो आणि कागद खाली ठेवला. म्हटलं, "मथुराबाई, तुम्ही मुळी उपटून बघा म्हणाला होतात. मला तेव्हाच शंका आली होती. मी बघितलं नाही. माझी लाज राहावी म्हणून बघितलं नाही. मला माफ करा."

ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कागदानं गेल्या, कागदानं परत न्हाय यायच्या," म्हणाली. "आता माफ केलं म्हनलं तरी खोटंच की ते. बसा. च्या टाकते."

आम्ही बसलो. चहा प्यायलो. निघताना मी विचारलं, उरलेली रोपं वाचवता येतील का. मला वाटत होतं नाही म्हणेल, आणि तसं म्हणायचा तिला हक्क होता.

"रोपांनी काय केलंय माझं," ती म्हणाली. "येते. पर माझी शेळी संगं आनीन. तिला येकटी ठिवनार न्हाय."

८ ऑक्टोबर, रविवार

माथ्यावर आम्ही पाच जण: मथुराबाई, सुनीती, श्यामला, तिची एक मैत्रीण आणि मी. सुनीती पहिल्यांदा टेकडी चढली. मथुराबाई सांगत होती, आम्ही करत होतो. जिवंत रोपाच्या खालच्या अंगाने चर काढायचा, खड्ड्याची कड फोडायची, काळी माती हलक्या हाताने काढून चुना लावलेले ते खडे परत मिसळायचे आणि वर दगड ठेवायचे. श्यामलाने विचारलं, किती खडे? "माती दिसू नये आन् हाताला लागावी, इतकी," मथुराबाई म्हणाली. हे मोजमाप माझ्या कुठल्याच तक्त्यात नाही. पण खड्डा भरताना ते बरोबर कळलं.

वाटेत आगाशे भेटले. थांबले नाहीत. मात्र पाचेक मिनिटांनी त्यांचा पुतण्या दोन घमेली आणून ठेवून गेला. काकांनी पाठवलीत, म्हणाला.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. जगलेल्या सत्त्याऐंशी रोपांचं काम आज पुरं झालं. पासष्ट माथ्यावरची, बावीस सोंडेवरची.

शेवटचं काम सोंडेवर होतं, नुसते दगड नीट करायचे. मथुराबाईला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिने आजवर शेळीची दोरी कुणाच्या हातात दिली नव्हती. काम करताना कमरेला बांधायची, नाहीतर पायाखाली धरायची. आज माझ्याकडे आली आणि म्हणाली, "धरा. म्या हाय हितंच."

मी दोरी घेतली. गाभण शेळी, शांत उभी. समोर अख्खं कोथरूड पसरलेलं. मी सुनीतीला आमची इमारत कुठली ते दाखवू लागलो. तिला ती आधीच दिसली होती, पण तिने मला बोलू दिलं. तेवढ्यात दोरीला हिसका बसला. वळून पाहतो तर शेळीने माझ्या कमरेला लागणारं ते शिरीष निम्म्यातून तोडलं होतं आणि डोळे अर्धे मिटून चावत होती.

सगळे थांबले. सात शेळ्या घेऊन ही बाई दोन महिने रोपांमधून गेली, एक पान गेलं नाही. माझ्या हातात एक शेळी, तीही पाच मिनिटं.

मथुराबाई उठली, कंबर धरून आली. रोप पाहिलं, मला पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही, पण पदर तोंडाकडे गेला आणि खांदे हलायला लागले. आधी सुनीती हसली, मग सगळ्या. मथुराबाईने डोळे पुसले आणि माझ्या हातातून दोरी घेतली.

"आता लिवा कागद," म्हणाली.

लिहितो. रोप क्रमांक २८७, शिरीष. शेळीने खाल्ले. दोरी माझ्या हातात होती.